पितळेची पाटी

पाटीवाल्याने चौथा स्क्रू काढला तशी पाटी त्याच्या तळहातावर आली. चांगली जड होती. दीड वर्षापूर्वी त्यानेच ती कोरून या दारावर बसवली होती.

“मागची बाजू कोरीच आहे ना?” दारात उभा असलेला अकाउंटंट म्हणाला. “मग तिच्यावरच नवं नाव काढा. पितळ कशाला फुकट घालवायचं?”

“आणि ही कंपनी? कुठे हलली?”

“हलायला आधी कुठेतरी असावी लागते, पाटीवाले.”

तिसऱ्या मजल्यावरच्या या एकाच दारावर एकतीस कंपन्यांच्या पाट्या होत्या. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि हा अकाउंटंट. सगळ्या पाट्या पाटीवाल्याच्याच हातच्या. एका खोलीत एकतीस कंपन्या मावत नाहीत, एवढं न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. तीस पाट्या प्लॅस्टिकच्या. त्या कंपन्या नुसत्या कागदावरच्या, हे त्याने केव्हाच ताडलं होतं. पण एकीने पितळ मागितलं होतं. आणि तीस वर्षांच्या धंद्यात त्याचा एक ठोकताळा पक्का झाला होता: ज्याला टिकायचं असतं, तोच पितळ मागतो. डॉक्टर, वकील, बापजाद्यांपासूनची दुकानं. आज आहे उद्या नाही असा माणूस प्लॅस्टिकवर भागवतो.

एवढ्या अकलेवर त्याने त्या कंपनीचे शेअर घेतले. चाराचा शेअर वर्षभरात एकोणीसवर गेला, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. मग त्याने धाकट्या बहिणीलाही ओढलं. ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबून नुकतीच निवृत्त झाली होती. गुडघे कामातून गेलेले आणि राहायची चौथ्या मजल्यावर. मिळालेल्या पैशात तळमजल्यावर एक खोली घ्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. दादा सांगतोय म्हटल्यावर तिने सगळी रक्कम दिली. खातं तिच्या नावाचं, पण चालवायचा दादाच, आपल्या फोनवरून.

“भाव तर अजून एकोणीसच दाखवतोय,” तो जमेल तितक्या सहज म्हणाला.

“दाखवेल की. मालकांनीच आपापसात घेऊन-विकून चढवला, मग आपले विकून मोकळे झाले. आता घेणारा एक नाही आणि विकणाऱ्यांची ही रांग.” अकाउंटंटने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही नाही ना पडलात त्यात?”

“छे हो. आम्ही कुठले.”

जिना मात्र तो दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला.

दुकानात येऊन त्याने आधी बहिणीचे शेअर विकायला लावले, सगळ्यांपेक्षा पाच पैसे कमी भावाने, म्हणजे घेणारा आलाच तर आधी तिचेच जातील. स्वतःच्या शेअरना हात लावला नाही. आपले बुडाले तर आपल्या कर्माने बुडाले. पण तिचं काय?

दोन दिवस घेणारा कुणी फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

“खोली पाहिली रे दादा. एकसुद्धा पायरी नाही. शनिवारी बयाणा द्यायचाय.”

“देऊ की,” तो म्हणाला.

दुपारी मास्तर आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज यायचे, आणि पाट्या मशीनवर चढायच्या आधी त्यांचा मजकूर तपासून द्यायचे. एक पैसा घेत नसत. त्यांच्यामुळे पाटीवाल्याची अब्रू कितीदा वाचली होती, त्याला गणती नव्हती.

“ते तुमचे शेअर,” चष्मा पुसत मास्तर म्हणाले, “अजून घेण्यासारखे आहेत का हो? आमचे पैसे बँकेत नुसते लोळतायत.”

पाटीवाल्याने मशीन बंद केलं. फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. या माणसाला फसवण्यापेक्षा थोबाडीत खाल्लेली बरी. पण डोळ्यांसमोर बहीण होती, कठड्याला धरून एकेक पायरी चढणारी.

“तुमच्या बहिणीचेही आहेत ना त्यात?”

“आहेत.”

“मग झालं तर. किती घेऊ?”

पाटीवाल्याने आकडा सांगितला. बहिणीकडे होते तेवढेच.

मास्तरांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि एका बोटाने सावकाश सगळं भरलं. मिनिटभरात पाटीवाल्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने तो बाहेर काढला नाही.

मास्तरांचा चेहरा खुलला.

“लगेच मिळाले की. मला वाटलं, एवढे एकदम विकायला कोण बसलंय.”

“बसा मास्तर, चहा सांगतो,” पाटीवाला म्हणाला आणि त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.