शेजारीण

किल्लीवाल्याने बायकोची ओळख बायको म्हणून कुणाला करून दिलीच नाही. "ही शेजारीण. बायको माहेरी गेलीय," असं तो गंभीर तोंडाने सांगायचा. नवखा माणूस गडबडायचा, ती कपाळावर हात मारायची. उभा संसार असा गेला.

मग त्याला रक्ताची उलटी झाली. दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाचं यकृत जुन्या काविळीने निबर झालं होतं. मोठ्या डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं. आतड्यांकडून रक्त आणणारी शीर यकृताच्या तोंडाशी तुंबली होती, म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या. आता मानेतल्या शिरेतून बारीक नळी खाली न्यायची, यकृतातून सुई पार करून ती तुंबलेली शीर गाठायची आणि मध्ये जाळीची नळी बसवून रक्ताला वाट द्यायची.

"म्हणजे कुलूप उघडेना म्हणून भिंत फोडायची," किल्लीवाला म्हणाला. "गिऱ्हाइकाला मी हे कधी सुचवत नाही."

बाई हसल्या. मग बायकोला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, की रक्त आता यकृतात गाळलं न जाता पुढे जाईल, त्यातलं विष डोक्यात चढू शकतं. माणूस भलतंसलतं बोलू लागला की लगेच घेऊन या.

नळी नीट बसली, रक्त थांबलं, तो घरी आला. आणि बायकोच्या जिवाला घोर लागला. जन्मभर भलतंसलतं बोलणाऱ्याचं बिघडलं हे ओळखायचं कसं? "डोक्याची किल्ली कुठे ठेवलीस गं?" असं त्याने विचारलं, तेव्हा तिने खरोखर गाडी बोलावली होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, हात जोडते. आता सरळ बोलत जा."

तो बरं म्हणाला, पण जित्याची खोड. म्हण तिने मनातही पुरी केली नाही.

एका सकाळी तिने चहा दिला तर तो म्हणाला, "आभारी आहे." दारात गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाला, "माझ्या पत्नीला विचारा." मीच तर सांगितलं होतं, तिने मनाची समजूत घातली. समजूत पटेना. तिने गॅस बंद केला आणि गाडी बोलावली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने नाव विचारलं, वार विचारला. सगळी उत्तरं बरोबर आली.

"म्हणूनच आणलंय," ती म्हणाली. "हे इतकं बरोबर कधी बोलत नाहीत."

डॉक्टरला काय करावं कळेना. त्याने बाईंना बोलावलं. बाईंनी किल्लीवाल्याला हात पुढे ताठ धरायला लावले. पंजे मनगटातून पुन्हापुन्हा खाली पडू लागले. विष डोक्यात चढल्याची ती खूण होती. त्याला लगेच दाखल केलं.

संध्याकाळपर्यंत त्याची शुद्ध हरपली. ती उशाशी बसून होती. 'पत्नी' हा शब्द कधीतरी ऐकायला मिळावा असं तिला तरुणपणी फार वाटे. आता तोच शेवटचा ठरेल या भीतीने ती आतून पोखरली गेली.

औषधांना यश आलं. डोळे निवळले, तेव्हा तरुण डॉक्टरने तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, ह्या कोण?

किल्लीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "शेजारीण," तो म्हणाला.

डॉक्टरचा चेहरा पडला. तिने विचारलं, "आणि बायको?"

"माहेरी गेलीय. आली की सांगू नकोस, तू इथे बसली होतीस."

तिचा बांध फुटला. तरुण डॉक्टर घाबरून बाईंना बोलवायला धावला. त्याला थांबवायचं होतं, पण तिला रडू आवरेना.