तयार पूड

दह्यावर जिरेपूड भुरभुरून आजीने वाटी नातीपुढे सरकवली. चिमणीने ती चाटूनपुसून संपवली आणि पुन्हा रंगांच्या पेटीत डोकं खुपसलं. थोड्या वेळाने ती खाकरली.

"आजी, घशात टोचतंय."

"पाणी पी, जाईल."

पाणी प्यायला तिने मान वर केली, तेव्हा आजीला तिचा ओठ दिसला. एका बाजूने टरारून सुजला होता. चिमणीला शेंगदाणा चालत नाही म्हणून सुनेने तो घरातूनच हद्दपार केला होता. 'एवढ्याशा दाण्याने काय होतंय,' असं आजी मनात म्हणायची, पण नियम पाळायची. आज तर नुसतं दही होतं. दही आणि जिरं.

तिने बरणीतली पूड जिभेवर टेकवली. आधी जिऱ्याचा ओळखीचा कडवटपणा. मग त्याच्यामागून काहीतरी गोडूस, तेलकट. ही पूड जिथून आणली, त्या दुकानातलं दळायचं यंत्र तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. दाण्याचं कूटही त्यातूनच निघत होतं.

सुनेने फोन लगेच उचलला.

"अगं, हिचा ओठ सुजलाय. श्वास घेताना शिट्टी वाजतेय गं!"

एकेक शब्द सुटा करत सून म्हणाली, "आई, फ्रिजवरच्या डब्यात इंजेक्शनचं पेन आहे. निळं टोपण काढा. नारिंगी टोक मांडीवर जोरात दाबा, कपड्यावरून चालतं. खट् वाजलं तरी धरून ठेवा. गाडी मी बोलावते."

दुसऱ्याला सुई टोचलेलीसुद्धा आजीला बघवत नसे. टोपण दोनदा हातातून निसटलं. तिने नातीचा पाय आपल्या मांडीखाली दाबून धरला, स्वतःचे मिटू पाहणारे डोळे उघडे ठेवले आणि पेन दाबलं.

खट्.

चिमणी किंचाळली. किंचाळायला श्वास लागतो, एवढंच आजीच्या मनात आलं.

सून धापा टाकत दवाखान्यात पोचली, तेव्हा चिमणी तोंडावर मास्क लावून पेंगत होती. सुनेने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"सकाळी डब्यात नवी बिस्किटं दिली मी," ती पुटपुटली. "माझ्याच हातून..."

आजी गप्प बसली असती तर निभावलं असतं.

"बिस्किटं नव्हेत गं. जिरेपूड. एरवी घरी कुटते. मनगटात कळ येते म्हणून या खेपेला दुकानातून तयार आणली. तुला बोलले नाही."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. आजीने पलंगाचा दांडा धरला. सून चिमणीच्या अंगावरची चादर सारखी करू लागली. आधीच सारखी होती, तरी करत राहिली. मग मागे न वळताच तिने विचारलं,

"मनगट कधीपासून दुखतंय?"