रॅव्हलबींचा मूळपुरुष

लिंकनजवळच्या रॅव्हलबी गावात रॅव्हलबी आडनावाची माणसं दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी जमत. गावच्या हॉलमध्ये चहा, काकडीची सँडविचं, जाम लावलेले स्कोन आणि शेवटी डेनिसकाकांचं भाषण. भाषण दरवर्षी तेच: नॉर्मन राजानं एका सरदाराला हे गाव बक्षीस दिलं, सरदारानं गावाचं नाव घेतलं आणि आपण सारे त्याचे वंशज. यंदा तर काकांनी ओकच्या लाकडाची पाटी करून घेतली होती. वर ढाल, ढालीवर तीन रानडुकरं, खाली सरदाराचं नाव आणि साल. चहा झाला की ती भिंतीवर लागणार होती.

ब्रायनी हॉलच्या स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत उभी होती. डेनिसकाकांची ही पुतणी संमेलन भरवणाऱ्या रॅव्हलबी मंडळाची चिटणीस. "तू नाहीतरी बाळाला घेऊन घरीच असतेस," असं म्हणून या वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते काम तिच्या गळ्यात घातलं होतं. सात महिन्यांची टिली बाबागाडीत बसून पावाची कड चोखत होती. ब्रायनीचं लक्ष मात्र मंगळवारपासून कशातच नव्हतं.

मंगळवारी ती पाटीवरचं साल एकदा तपासून घ्यावं म्हणून लिंकनच्या दप्तरखान्यात गेली होती. तिथल्या बाईंनी तिचं नाव-गाव वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"गावातच राहून गावाचं आडनाव? गंमतच आहे."

"का हो?"

"अहो, गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला लोक अमक्या गावचा म्हणायचे. गावात तर सगळेच त्या गावचे, तिथं ते नाव कुणाला कशाला चिकटेल? चिकटलं तर मालकाला. तुमच्या गावच्या मालकाचा वंश कधीच बुडालाय. नाहीतर मग कुणाचंच नसलेल्या पोराला."

आणि त्यांनी १७४१ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पुढे ठेवल्या. फेब्रुवारीतली एक ओळ होती: *मोझेस. चर्चच्या ओसरीत सापडला. वय अंदाजे तीन आठवडे. आई अज्ञात. गावाचं नाव लावलं.*

ब्रायनीनं ती ओळ बोटाखाली धरून तीनदा वाचली. कडेवर टिली झोपली होती, तिचा गरम श्वास मानेला लागत होता. तीन आठवड्यांचं मूल मान सुद्धा धरत नाही. फेब्रुवारीत दगडी ओसरीवर त्याला ठेवून जाणारी ती बाई किती वेळा मागे वळली असेल?

"हे पान मागणाऱ्या तुम्ही दुसऱ्या," दप्तरखान्यातल्या बाई म्हणाल्या. "आधी नॉटिंगहॅमच्या एक बाई येऊन गेल्या. आडनाव तुमचंच."

ब्रायनीचे कान तापले. त्या बाई कोण हे तिला ठाऊक होतं.

मार्चमध्ये नॉटिंगहॅमच्या कोरीन रॅव्हलबींचं पत्र आलं होतं. त्या निवृत्त नर्स, आजोबा बार्बाडोसहून आलेले. सोबत फोटो होता: निळी टोपी घातलेल्या एक काळ्या बाई, दोन्ही बाजूंना नातवंडं. संमेलनाला यायची परवानगी मागितली होती. काकांनी फोटोकडे पाहून "तू बघ काय ते" एवढंच म्हटलं होतं. आणि ब्रायनीनं टिलीला पाजता पाजता, एका हातानं, उत्तर टाइप केलं होतं. संमेलन गावाशी रक्ताचं नातं असलेल्यांसाठी आहे. *आपल्यासारख्यांसाठी* अधिक योग्य अशा संस्था असतील, त्यांचा शोध घ्यावा.

"आपल्यासारख्यांसाठी" हा शब्द कुणी तिच्या तोंडात घातला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता. लिहिल्यावर तिला तो सभ्यही वाटला होता.

घरी येऊन तिनं ते पत्र शोधून काढलं. कागदाच्या मागच्या बाजूलाही मजकूर होता. मार्चमध्ये तिनं कागद उलटलाच नव्हता.

*मोझेसचा दुसरा मुलगा बार्बाडोसला उसाच्या मळ्यावर मुकादम म्हणून गेला,* कोरीनबाईंनी लिहिलं होतं. *त्या मळ्यावर गुलाम असलेल्या माझ्या पूर्वजांना त्यानं आपलं नाव लावलं. त्यांना कुणी विचारलं नाही. मोझेसलाही कुणी विचारलं नव्हतं. म्हणून ती ओसरी एकदा बघावीशी वाटते.*

"ब्रायनी, स्क्रू कुठे ठेवलेस गं?" डेनिसकाका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. खास संमेलनाचा टाय, हातात पाटी, छातीशी धरलेली.

"काका, पाटी आज नका लावू."

"म्हणजे काय? भिंतीला भोकंसुद्धा पाडून झालीत!"

तिनं हात पुसले आणि मोझेसची हकिगत सांगितली. काका ऐकत गेले तसे खाली बसत गेले. पाटी त्यांनी उलटी करून मांडीवर ठेवली.

"चाळीस वर्षं मी भाषण करतोय," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे आपण कुणाचेच नाही?"

"गावाचे आहोत, काका."

"तूच सांग त्यांना. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

तिनं सांगितलं. चमचा कपावर वाजवून, खुर्च्यांच्या रांगांपुढे उभं राहून सांगितलं. मग मटणाचं दुकान चालवणारा तिचा चुलतभाऊ क्लाइव्ह मागून ओरडला, "तरीच म्हटलं, काकांचं नाक कुठल्या सरदाराशी जुळेना!"

सगळे हसले. काकासुद्धा, थोडे उशिरा. मेव्हिसआत्यानं रुमाल काढला. "तीन आठवड्यांचं लेकरू गं, आणि तेही फेब्रुवारीत!" कुणी म्हणालं ओसरीत फुलं ठेवू या. कुणी म्हणालं पाटीवर सरदाराऐवजी मोझेसचं नाव घालू या. पाच मिनिटांत तो टाकलेला पोर साठ माणसांनी उचलून घेतला, लाडका केला. आणि ब्रायनीची पाठ थोपटली जाऊ लागली. "धीट आहेस हो!" "दुसरी असती तर गप्प बसली असती!"

एकेक शाबासकी तिला चिमट्यासारखी बसत होती. टिलीला उचलून ती मागच्या अंगणात गेली आणि पत्रावरचा नंबर लावला.

"हॅलो, कोरीन रॅव्हलबी?"

"बोलतेय."

"मी ब्रायनी. रॅव्हलबी मंडळाची..."

"अगोबाई! रक्ताच्या नात्यातून फोन!"

ब्रायनीनं डोळे मिटून घेतले. "मी माफी मागायला फोन केलाय. तुमचं पत्र मी पुरतं वाचलंच नव्हतं. मंगळवारी वाचलं. आणि वाचलं नसतं तरी मी लिहिलं ते..." तिनं टिलीची बाही सारखी केली. "आज सगळ्यांना मोझेसचं सांगितलं मी."

"हो? काय म्हणाले?"

"आवडला त्यांना."

"आवडणारच. बाळ आहे ते." पलीकडे किटलीची शिट्टी वाजली, थांबली. "आणि माझ्या पत्राचं काय सांगितलंस?"

ब्रायनीनं हॉलच्या बंद दाराकडे पाहिलं.

"आत्ता कुठे आहेस?"

"मागच्या अंगणात."

"एकटीच?"

"बाळ आहे कडेवर."

"म्हणजे मला घालवलं ते मंडळाच्या कागदावर, आणि माफी मात्र अंगणात." आवाज चढला नव्हता. "एकतीस वर्षं नर्स होते मी, पोरी. लोकांनी काय काय म्हटलं ते ऐकून घेतलंय. तुझ्यावर मी चिडले नाही. नातवंडांना मात्र तुझं पत्र दाखवलं नाही. लाज वाटली. मला! बघ कशी गंमत."

टिली कुरकुरू लागली.

"भुकेली आहे ती. आधी तिला घे."

"पुढच्या वर्षी याल तुम्ही?"

"तुला बरं वाटावं म्हणून?" कोरीनबाई थांबल्या. "ते मी तुला आज सांगणार नाही."

फोन बंद झाला. ब्रायनीनं पायरीवर बसून टिलीला पाजलं. आतून हसण्याचे आवाज येत होते, केक कापला जात होता. पोर निवांत, डोळे मिटून पीत होतं. असंच मार्चमध्येही पीत होतं.

ती आत गेली. पिशवीतून मंडळाची फाइल काढली, आपल्या उत्तराची प्रत घेतली आणि पुन्हा कपावर चमचा वाजवला.

"आता काय, सरदार परत आला का?" क्लाइव्ह म्हणाला.

"एक पत्र वाचायचंय," ब्रायनी म्हणाली.

आधी तिनं कोरीनबाईंचं पत्र वाचलं, दोन्ही बाजू. मग दुसरा कागद घेतला. "आपल्यासारख्यांसाठी" या शब्दापाशी ती अडखळली, तशी तिनं ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. क्लाइव्ह ताटलीतला केक काट्यानं उगाच चिवडत होता. डेनिसकाका आपल्या हातांकडे बघत होते.

"शी!" मेव्हिसआत्या म्हणाली. "असं कुणी लिहिलं त्या बाईला? खाली सही कुणाची आहे?"

डेनिसकाकांनी मान वर केली. "मेव्हिस, त्यात माझाही..."

"नाही काका," ती म्हणाली, आणि टिलीला दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं कागदावरची शेवटची ओळ वाचली. "ब्रायनी रॅव्हलबी. चिटणीस."