बोटीवरच्या संसाराचा खर्च

वसंतरावांनी समुद्र पाहिला तो साठीनंतर, आणि पाहिला तसे ते कामातूनच गेले. लातूरच्या पाणीपुरवठा खात्यात उभी हयात घालवलेला हा माणूस आता शिडाच्या बोटीवर संसार थाटायला निघाला होता. मुलाने, मुकुलने, गोव्यात एक जुनी बोट हेरून ठेवली होती. आत ओटा, पलंग, सगळं. दिवाळीनंतर निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जायचं आणि पावसाच्या आत परतायचं. शीड कसं सांभाळायचं तेही ते गोव्यात राहून शिकून आले होते.

त्यांच्या बायकोला, सौदामिनीबाईंना, मात्र पाण्याची भीती वाटे. त्यांना पोहता येत नव्हतं. पण भीती वाटते हे सांगायचं कुणी? निलंग्याच्या शाळेत शिकवताना पोरांना धीट व्हा म्हणून दटावण्यात जन्म गेलेला. मग त्यांनी शक्कल लढवली. वसंतराव लॅपटॉपवर बोटीचा महिन्याचा खर्च मांडायला बसले, की त्या शेजारी बसून आकडे फुगवू लागल्या.

"पाण्याचे पैसे कमी धरलेत तुम्ही. बंदरावर विकत घ्यावं लागेल."

"अगं, टँकरच्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायचीस तू. बोटीची टाकी आपल्याला उरेल."

लातूरच्या माणसाला पाणीटंचाईचा धाक घालायचा म्हणजे कमालच होती. बाईंनी तो नाद सोडला आणि डिझेल दुप्पट करायला लावलं. शीड फाटेल म्हणून रक्कम घातली. धक्क्यावर बोट बांधायचं भाडं, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायची मजुरी, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या, दर महिन्याला लातूरला येणंजाणं. बेरीज वसंतरावांच्या पेन्शनच्या पार पुढे गेली. त्यांनी लॅपटॉप मिटला, जेवणातही त्यांचं लक्ष नव्हतं. बाईंना वाईट वाटलं, पण सुटल्यासारखं त्याहून जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहाला ते हसतच आले.

"बसलं बघ पेन्शनमध्ये."

"ते कसं काय?"

"तुझा खर्च काढला. गोळ्या, येणंजाणं, अर्धं राशन. तुला हे जड जायलंय, मला दिसत नाही का? मी एकटाच जातो. संकटात उतरायचा तो रबरी तराफासुद्धा एकट्यापुरता घेतला की स्वस्त पडतो."

बाईंनी कप खाली ठेवला. आतापर्यंत भीती होती ती स्वतः बुडण्याची. आता वसंतराव दिसू लागले. तोल जाऊन पाण्यात पडलेले, बोट तशीच पुढे चाललेली, आणि त्यांची हाक ऐकायला तिच्यावर कुणीच नाही. हे आपणच आकडे फुगवून ओढवून घेतलं.

"मला लई भीती वाटते पाण्याची," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून वाटते."

"म्हणून तर म्हणतो, तू राहा घरी."

"माझी पेन्शन धरा यात." बाई म्हणाल्या. "आणि तराफा दोघांचा घ्या."