उघड्या हातांचा कॅचर

हडसन नदीकाठी लोखंडाच्या ओतशाळेत राबणाऱ्या कॉन हॅनरॅटीला बेसबॉल खेळायचा पगार मिळू लागला, तेव्हा अख्ख्या आळीला त्याचा हेवा वाटला. तो कॅचर होता. त्या काळी हातमोजे नव्हते; फलंदाजाच्या मागं ओणवं राहायचं आणि पिचरनं फेकलेला चेंडू नुसत्या हातांनी झेलायचा. पिचर एमिल स्ट्रोबेल, ओतशाळेतलाच त्याचा जुना जोडीदार. त्याचा चेंडू धड दिसायचाही नाही, फक्त सणसणत यायचा.

दोन-तीन वर्षांत कॉनच्या बोटांचा पार आल्याचा गड्डा झाला. शर्टाची बटणं बायको, नोरा, लावून द्यायची.

"सोड ना हे," नोरा म्हणायची.

"आणि परत भट्टीपुढं भाजत बसू? गप गं."

एका उन्हाळ्यात त्याचा उजवा अंगठा सुजून काळानिळा झाला. एमिलनं ते पाहिलं आणि कुणाला न सांगता चेंडू हळू टाकू लागला. समोरच्या संघानं त्याचे चेंडू मनसोक्त टोलवले. संघ हरत गेला, तसा मॅनेजर ग्रॅनबी सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसला, "स्ट्रोबेल, ढोसून येतोस काय रे? शनिवारी असाच खेळलास तर गाशा गुंडाळायचा."

बाहेर पडल्यावर कॉननं एमिलची कॉलर धरली.

"माझी कीव करतोस होय रे?"

"अंगठा जाईल तुझा, कॉन."

"जाऊ दे. घरी चार पोरं आहेत तुझी. जोरात टाक, नाहीतर तोंड दाखवू नकोस मला."

शनिवारी एमिलनं जीव ओतून चेंडू टाकला. लोक बाकांवर उभे राहून नाचत होते. सामना संपत आला असताना एक चेंडू बॅटला चाटून वळला आणि थेट कॉनच्या अंगठ्यावर बसला. हाड बाहेर आलं. कॉननं रुमाल गुंडाळला आणि तसाच शेवटपर्यंत खेळला. संघ जिंकला. लोकांनी एमिलला खांद्यावर घेतलं. कॉन कुंपणाला टेकून ओकत होता.

जखम चिघळली. डॉक्टरनं अंगठा कापला, मग शेजारची दोन बोटंही. ग्रॅनबीनं त्याचं नाव संघातून काढलं. ओतशाळेत गेला, तर मुकादमानं हाताकडं बघून विचारलं, "वितळल्या लोखंडाची पळी धरशील कशानं, बाबा?"

नोरा शर्टाच्या कॉलरच्या कारखान्यात इस्त्रीला जाऊ लागली. कॉन घरी बटाटे उकडायचा आणि प्यायचा. एमिल अधूनमधून भेटायला यायचा. पुढं एमिलला दुसऱ्या शहरातल्या संघानं नेलं.

हिवाळ्यात कॉनला न्यूमोनियानं गाठलं. एमिल पोचला तोवर त्याला पुरूनही झालं होतं.

"माझ्याबद्दल काही बोलला का गं?" त्यानं दारातच नोराला विचारलं.

"तुझ्यावर तो कधीच रागावला नाही," नोरा म्हणाली. "मी रागावलेय. जोरात टाक म्हणाला, आणि त्याचं ऐकलंस तू."

तिनं शाल ओढून घेतली, बाहेरून दाराला कडी घातली आणि कामावर निघून गेली.