ड्रम पुसू नका

रेकॉर्ड कंपनीच्या अधिकृत इतिहासात लिहिले आहे : ‘१९८६ साली कॉनी हॅलोरन यांनी डुलुथमधल्या एका तळघरात ग्रेन डॉक हा बँड शोधला. करारापूर्वीच ड्रमवादक वेन्डेल टॉर्गर्सन स्वेच्छेने बाहेर पडला.’

यात खरे एवढेच की तळघर होते. बँडची कॅसेट कॉनीला वेन्डेलच्या बहिणीने, मार्गिटने, धाडली होती. आणि वेन्डेलला स्वतःच्या स्वेच्छेची बातमी टपालाने कळली.

पंचवीस वर्षांनी बँडच्या पहिल्या रेकॉर्डची नवी आवृत्ती निघायची होती. वेन्डेल नुकताच वारला होता. त्याचे नाव वेष्टनावर यावे, एवढी एकच मागणी घेऊन मार्गिट लॉस एंजलिसला कॉनीच्या कचेरीत आली.

“ड्रम क्रेगचे आहेत,” कॉनी म्हणाली. “वेष्टनावर छापलंय तसं.”

“क्रेग? त्याला तू फोटोत काठ्या धरायला आणलंस!”

“मार्गिट, दुःखात माणूस काहीही—”

“दुःख मला शिकवू नकोस. आमच्या घरी दोनदा वाढून घेतलंस, तेव्हा आईला म्हणालीस, तुमच्या लेकाच्या हातात इंजिन आहे. तो बारमध्ये सांगायचा, हे मी वाजवलंय. लोक म्हणायचे, हो तर, चंद्रावरही तूच उतरलास! खोटारडा म्हणून मेला तो, कॉनी.”

मूळ टेपचा खोका त्याच सकाळी गोदामातून आला होता आणि टेबलावर पडला होता. कुणी काय वाजवले हे स्टुडिओत झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवायची रीत. वेष्टन जगासाठी असते, म्हणून त्यावर खोटे लिहितात. झाकण कुणीच वाचत नाही, म्हणून तिथे खरे उरते. कॉनीला ते खोडायला पंचवीस वर्षे मिळाली होती. तिला त्याची आठवणही राहिली नव्हती.

मार्गिटने झाकण उघडले. “अक्षर कुणाचं गं हे?”

‘ड्रम : वेन्डेल. पुसू नका. — कॉ. हॅ.’

कॉनीने ती ओळ वाचली. मग तिने कंपनीच्या वकिलाला वर बोलावले. त्याने उतरवून घेतलेला जबाब शब्दशः असा :

“क्रेगला तो ठेका अकरा दिवसांत जमला नाही. रेकॉर्डवर सगळीकडे वेन्डेलच आहे. दिसायला बरा नव्हता, म्हणून मी त्याला काढलं. वाजवायला बरा होता, म्हणून टेपवर ठेवलं.”