आईचा कोट

ज्याला रंग दिसत नाहीत असा माणूस तीस वर्षं लोकांचे जुने फोटो रंगवून पोट भरतो, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, थापा मारू नका. पण फोटोवाल्यांचं अगदी तसंच होतं. लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही रंग त्यांना सारखेच दिसायचे. हे गुपित फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. कॉम्प्युटरशेजारी एक उंच स्टूल होतं. त्यावर बसून ती सांगत राहायची. "गाल जरा उतरवा हो, बाई तापाने फणफणलीय असं वाटतंय." "बास झालं गवत, डोळे दुखले माझे." हे माऊसने रंगाची पट्टी सरकवायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काय हात आहे! हात यांचाच होता, ते खरं. पण डोळे तिचे होते.

तिला जाऊन चार महिने झाले होते. स्टूल अजून तिथंच होतं. त्यावर कुणी साधी पिशवी ठेवली तरी फोटोवाले उठून ती उचलायचे.

जाण्याआधी तिने एक वही करून ठेवली होती. गोरी कातडी, सावळी कातडी, ओठ, आकाश, गवत, आणि प्रत्येकासमोर पट्टीचे आकडे, तिच्या गिचमिड अक्षरात. त्या वहीच्या आधाराने दुकान कसंबसं चाललं होतं. मग एका मास्तरांनी आपल्या आजोबांचा फोटो आणला. वहीत पांढऱ्या दाढीचे आकडे नव्हते. फोटोवाल्यांनी अंदाजाने पट्टी ओढली आणि देवावर हवाला ठेवला. मास्तरांनी फोटो उजेडात धरला.

"अहो, आमचे आजोबा काय विहिरीतून बाहेर काढलेत? दाढीला शेवाळं आलंय!"

फोटोवाले हसले, माफी मागितली, परत करून देतो म्हणाले. पण मास्तर गेल्यावर त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

नेमकी त्याच दुपारी मुलगी आली. तिशी कधीच ओलांडली होती, पण यांच्या लेखी अजून बबडीच. तिने पर्समधून एक काळापांढरा फोटो काढला. बावीस वर्षांची आई, अंगात लांब कोट, त्याला ही मोठाली बटणं, दाराच्या चौकटीला टेकून खळखळून हसतेय.

"बाबा, हा रंगवून द्या. डोळे मिटले की मला दवाखान्यातलीच आई दिसते. मला ही आई हवीय. आता लगेच करा, मी थांबते."

 फोटोवाले वही उघडून कामाला बसले. चेहरा वहीतल्या आकड्यांनी झाला, ओठही झाले. मागे उभी असलेली बबडी म्हणाली, "अगं बाई, आईच की!" आणि मग तिने विचारलं, "कोट कुठल्या रंगाचा होता?"

"आठवत नाही गं."

"असं कसं? फोटो तुम्हीच काढलात ना? समोर तर उभे होतात!"

निळा म्हणाले असते तर सुटले असते. निळा त्यांना नीट दिसायचा, आणि खोटं कोण ठरवणार होतं? पण तिच्या अंगावर खोटा रंग चढवायला त्यांचा हात धजेना. त्यांनी माऊस सोडला आणि मुलीला सगळं सांगून टाकलं.

"ओळखपत्राचा फोटो काढायला आली होती. मी म्हटलं, तपकिरी कोट राहू द्या अंगात, छान दिसतोय. तर ही हसत सुटली. तेव्हाच मी हा फोटो काढला. मला रंग दिसत नाहीत, हे तेव्हाच तिला कळलं. लग्नानंतर किती वेळा विचारलं, नक्की कुठला होता तो रंग? म्हणायची, ओळखा. लाल म्हटलं तरी हसायची, हिरवा म्हटलं तरी हसायची. मग कोट विरला, कुणाला तरी देऊन टाकला. दवाखान्यात एकदा ओठांवर आलं होतं माझ्या. पण ती पाणी मागत होती. तेव्हा कोटाचं काय विचारणार?"

 आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्या दिवशी तो कोट समोरून बघितलेला माणूस हाच एक, आणि यालाच त्याचा रंग दिसला नव्हता.

 बबडीने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. फोटोवाल्यांनी तिला उठवलं नाही.

"सरकवा पट्टी," ती म्हणाली. "मी मध्ये बोलणार नाही. त्या दिवशी तुम्हाला दिसला होता, तसा दिसेपर्यंत सरकवा."

फोटोवाल्यांनी चष्मा पुसला. पट्टी पुढे नेली, मागे आणली, पुन्हा जराशी पुढे. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायची खटपट करत होतं. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला.

"असा. अगदी असाच होता."

त्यांनी वळून पाहिलं. बबडीने तोंडावर हात धरला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

"कुठला रंग झाला गं?"

"ओळखा," ती म्हणाली.

 फोटोवाल्यांनी वही काढून तिच्या पुढ्यात ठेवली. पडद्यावरचे आकडे तिने शेवटच्या पानावर उतरवून घेतले. आकड्यांसमोर रंगाचं नाव लिहिलं नाही. आईचा कोट, एवढंच लिहिलं.